गंज कुठल्या काळाचा?

प्रदर्शनात प्लॅस्टिकची लष्करी आगगाडी मांडलेली दिसली, की आधी तिची चाकं पाहा. ‘ट्रम्पेटर’चं जर्मन ‘बीआर 52’ इंजिन घ्या. मूळ इंजिन सुमारे 23 मीटर लांब. 1:35 प्रमाणात ते 65 सेंटीमीटर भरतं. एवढा मोठा पत्रा समोर आला की रंगवणाऱ्याचे हात शिवशिवणारच. मग हेअरस्प्रेच्या थरावर रंग मारून तो खरवडायचा, वर तांबूस पूड चोळायची. इंजिन भंगारातून उचलून आणल्यासारखं दिसतं आणि आपण ‘वा!’ म्हणतो.

पण ही इंजिनं 1942 पासून खास युद्धासाठी, घाईघाईने, सहा हजारांहून जास्त बांधली गेली. 1944 च्या देखाव्यातलं इंजिन फार तर दोन वर्षांचं. त्यावर काजळी हवी, चाकांच्या दांड्यांवर ओशट तेल हवं, पाणी झिरपतं तिथे क्षारांचे पांढरे ओघळ हवेत. आणि चाकाचा रुळावर टेकणारा भाग लखलखीतच हवा. धावत्या गाडीत तो गंजायला वेळच मिळत नाही.

इतका गंज चढवला की युद्ध फार जुनं, कधीच विझून गेलेलं वाटू लागतं. जर्मन रेल्वेने रणगाडे वाहिले, तशीच माणसंही मृत्युछावण्यांत नेऊन पोचवली. तीही वेळापत्रकं आखून, धावत्या इंजिनांनी. म्हणून रंगाची बाटली उघडण्याआधी त्या वर्षातला फोटो शोधा. संग्रहालयाच्या आवारात उभ्या इंजिनावरचा गंज नंतरच्या पावसाळ्यांचा असतो.