'क्षण टिपणे' आणि 'माझा फोटो' : एका संशयाची भाषिक मीमांसा

रस्त्यावरील अनोळखी माणसांची त्यांच्या नकळत काढलेली छायाचित्रे हा विसाव्या शतकातील दृश्यकलेचा एक महत्त्वाचा प्रकार मानला जातो. ज्यांची चित्रे अशा रीतीने काढली जातात, त्या माणसांनी मात्र या प्रकाराकडे प्रारंभापासून संशयाने पाहिले आहे. हातात धरून वापरता येणारा कोडॅक कॅमेरा १८८८ मध्ये बाजारात आला आणि १८९० मध्येच सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस यांनी खाजगीपणाच्या हक्कावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात क्षणार्धात घेतल्या जाणाऱ्या छायाचित्रांची गणना त्या हक्कावरील आक्रमणांत केली. कॅमेरा आपल्याकडे वळलेला दिसताच तोंड फिरविणे, हात आडवा धरणे, 'माझा फोटो का काढला?' असे दरडावून विचारणे, या प्रतिक्रिया आज मुंबईच्या रस्त्यावरही अपरिचित नाहीत. छायाचित्रकलेची समीक्षा या संशयाची वासलात बहुधा दोन प्रकारे लावते. एक तर तो सामान्य माणसाच्या कलाविषयक अज्ञानाचा परिणाम ठरविला जातो, किंवा तो कायद्याचा प्रश्न म्हणून वकिलांकडे सोपविला जातो. संशय हा कलाकृतीच्या बाहेरचा आहे, हे गृहीतक या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी आहे. या कलाप्रकाराची स्वतःची परिभाषा तपासली असता मात्र हे गृहीतक टिकत नाही.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा तेरियाद या प्रकाशकाने १९५२ मध्ये पॅरिस येथे काढलेला छायाचित्रसंग्रह या परिभाषेचा प्रमुख स्रोत होय. त्याचे मूळ फ्रेंच नाव 'इमाज आ ला सोव्हेत' असे आहे. 'आ ला सोव्हेत' हा शब्दप्रयोग फ्रेंचमध्ये प्रामुख्याने बिनपरवाना फेरीवाल्याच्या विक्रीसंबंधी रूढ आहे. पोलिसांची चाहूल लागताच पथारी गुंडाळून पळ काढता यावा, अशा तयारीने केलेला घाईचा व चोरटा व्यवहार, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी अमेरिकेत निघालेल्या इंग्रजी आवृत्तीला मात्र 'द डिसायसिव्ह मोमेंट', म्हणजे 'निर्णायक क्षण', हे नाव देण्यात आले. ते ग्रंथारंभी उद्धृत केलेल्या, सतराव्या शतकातील कार्डिनल द रे यांच्या वचनावरून घेतलेले होते. हे भाषांतर नव्हे, विषयांतर आहे. फ्रेंच नाव दोन माणसांमधील संबंधाविषयी बोलते: एक जण काहीतरी उचलतो आहे, आणि त्याला हटकणारा कोणीतरी आहे, हे त्यात गृहीत आहे. इंग्रजी नाव केवळ काळाविषयी बोलते. त्यात माणूसच उरलेला नाही. पुढील समीक्षेने हे दुसरे नाव उचलले, आणि चोरटेपणाची जी कबुली मूळ नावात होती ती चर्चेतून बहुतांशी नाहीशी झाली.

मराठी समीक्षेतही हेच घडलेले दिसते. छायाचित्रकाराचे कौतुक करताना 'त्याने नेमका क्षण टिपला' असे म्हणण्याची रूढी आहे. 'टिपणे' या क्रियापदाची अर्थव्याप्ती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. पाखरू दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, पदराने डोळे टिपले जातात. या सर्व प्रयोगांत हलक्या हाताने, मागे खूण न ठेवता उचलून घेण्याचा भाव आहे. परंतु या क्रियापदाचे कर्म माणूस झाले की अर्थ एकदम पालटतो: 'सैनिकाने शत्रूला टिपले' म्हणजे गोळी घालून पाडले. म्हणूनच छायाचित्राच्या संदर्भात 'क्षण टिपला', 'भाव टिपले', 'हालचाल टिपली' असे म्हटले जाते, 'म्हातारीला टिपले' असे सहसा म्हटले जात नाही. ज्याच्यावर क्रिया घडते तो माणूस कर्मस्थानावरून दूर केला जातो, आणि त्याच्या जागी क्षण हे निरुपद्रवी भाववाचक नाम बसविले जाते. हल्ल्याची छटा अशा रीतीने व्याकरणानेच झाकली जाते.

रस्त्यावरच्या माणसाचे वाक्य याहून निराळे आहे. 'माझा फोटो का काढला?' या प्रश्नात षष्ठी आहे आणि तिचे किमान तीन अर्थ संभवतात: मी काढलेला, मी ज्यात दिसतो तो, आणि माझ्या मालकीचा. पहिला अर्थ प्रसंगानेच बाद होतो. उरलेल्या दोहोंत भेद करण्याची गरज बोलणाऱ्याला वाटत नाही. ज्यात मी आहे त्यावर माझा काही अधिकार आहे, असे तो त्या एका षष्ठीत सांगून जातो. संयुक्त क्रियापदांचा पुरावाही याच दिशेने जातो. हौसेने स्टुडिओत जाणारा माणूस 'फोटो काढून घेतो', आणि छायाचित्रकार त्याला तो 'काढून देतो'. घेणे आणि देणे या सहाय्यक क्रियापदांनी हिताची वाटणी स्पष्ट होते. नकळत काढलेल्या फोटोला यांपैकी 'काढून देणे' लागू पडत नाही. उरते ते 'काढून घेणे', आणि तेही 'हातातील वस्तू काढून घेतली' या वाक्यात जो हिसकावण्याचा अर्थ आहे त्या अर्थाने. तक्रार करणाऱ्याच्या मनात नेमका हाच अर्थ असतो.

या प्रकारातील श्रेष्ठ कृतींकडे या दृष्टीने पाहिले असता संशयाचे कारण कृतीच्या घडणीतच सापडते. पॉल स्ट्रँड यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्क येथे एका अंध फेरीवालीचे छायाचित्र काढले. कॅमेऱ्याचा रोख एका दिशेला आणि चित्र दुसऱ्याच दिशेचे, अशी योजना त्यांनी त्यासाठी वापरली होती. त्या स्त्रीच्या गळ्यात ती अंध असल्याची पाटी आहे, आणि वर फेरीच्या परवान्याचा बिल्ला. परवाना विकणारीजवळ आहे. 'आ ला सोव्हेत' काम चालले आहे ते छायाचित्रकाराचे. जी पाहूच शकत नव्हती तिच्यासमोरही ही युक्ती वापरली गेली, यावरून लपविण्याची गरज केवळ तिच्यापुरती नव्हती, आजूबाजूला हटकू शकणाऱ्या साऱ्यांपासून होती, हे उघड होते. वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आड दडविलेल्या कॅमेऱ्याने प्रवाशांची चित्रे घेतली. त्यांचे पुस्तक निघण्यास १९६६ साल उजाडले. त्यांतील काही प्रवाशांची नजर थेट समोर रोखलेली आहे. ती कॅमेऱ्याकडे पाहणारी नजर नव्हे, समोर बसलेल्या सहप्रवाशाकडे पाहणारी आहे. पाहणाऱ्याला ती आपल्याकडे वळल्यासारखी वाटते आणि चित्राचा प्रभाव पुष्कळ अंशी त्यामुळेच आहे.

एमिल बाँव्हेनिस्त यांनी १९४६ मधील आपल्या निबंधात पुरुषव्यवस्थेविषयी जे प्रतिपादन केले ते येथे उपयोगी पडते. 'मी' आणि 'तू' हे संवादातील परस्परसापेक्ष पुरुष होत. तृतीय पुरुष हा खऱ्या अर्थाने पुरुषच नव्हे, कारण तो संवादाच्या बाहेर असतो. अरबी व्याकरणकारांनी त्याला 'अनुपस्थित' असे नाव दिले, याकडे त्यांनी लक्ष वेधले आहे. नकळत काढलेल्या छायाचित्रात छायाचित्रकार हा प्रथम पुरुष, प्रेक्षक हा द्वितीय, आणि ज्याचे चित्र आहे तो तृतीय. रस्त्यावर प्रत्यक्ष समोर उभा असलेला माणूस अनुपस्थित ठरविला जातो. इव्हान्स यांच्या प्रवाशाने सहप्रवाशाला दिलेली नजर अशीच तृतीय पुरुषी विधानात रूपांतरित झाली आहे. 'काय हो, फोटो कशाला काढता?' हा प्रश्न म्हणजे त्या माणसाने द्वितीय पुरुषात परत येण्याचा केलेला प्रयत्न होय. त्याला पाहिले जाण्याचा राग नसतो, कारण रस्त्यावर पाहिले जाणे त्याने मान्यच केलेले असते. आपल्याविषयी बोलले जावे, पण आपल्याशी बोलले जाऊ नये, याचा तो राग असतो.

न्यायालयांचे निर्णय परस्परविरोधी दिसतात, तेही या षष्ठीच्या दोन वाचनांमुळे. मॉन्ट्रियल येथे एका पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून १९८८ मध्ये एका नियतकालिकात छापले गेले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तिला मिळालेली दोन हजार डॉलरांची भरपाई कायम केली. न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डिकोर्सिया यांनी टाइम्स स्क्वेअर येथे दुरून घेतलेल्या चेहऱ्यांपैकी एकाने दावा लावला असता, २००६ मध्ये न्यायालयाने ती कलाकृती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत येते, असे मानून, तसेच मुदतीच्या कारणावरूनही, तो फेटाळला. एका न्यायालयाने 'तिचा फोटो' ही कर्मणि षष्ठी प्रमाण मानली. दुसऱ्याने 'डिकोर्सियांचा फोटो' ही कर्तरि षष्ठी.

या संशयाहून राज्यसंस्थेचा संशय वेगळा ठेवणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये २००० च्या दहशतवादविरोधी कायद्यातील ४४ व्या कलमाखाली छायाचित्रकारांना अडवून झडत्या घेतल्या गेल्या. २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या कलमातील झडतीचे अधिकार खाजगी जीवनाच्या हक्काशी विसंगत ठरविले. पोलीस 'हा कोण?' असे विचारतात, म्हणजे ते छायाचित्रकारालाच तृतीय पुरुष करतात. वाटसरूचा प्रश्न त्याला उद्देशून असतो. दोहोंना एकच मानल्यास छायाचित्रकाराची न्याय्य तक्रार वाटसरूच्या न्याय्य तक्रारीवर पांघरूण म्हणून वापरली जाण्याचा धोका आहे.

यावरून असली चित्रे काढूच नयेत, असा निष्कर्ष निघत नाही. १९३८ मधील न्यूयॉर्कचा सामान्य प्रवासी थकल्यावर कसा बसत असे, हे त्याला विचारून कळले नसते; विचारताच तो सावरून बसला असता. ही किंमत खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दुसरी किंमतही तितकीच खरी आहे. पूर्वी चित्र पुस्तकात वा दालनात थांबत असे. आज चेहऱ्यावरून माणूस शोधून काढणारी साधने उपलब्ध असल्याने 'माझा' या शब्दाचा भार वाढला आहे. समीक्षेकडून अपेक्षा आहे ती या दोन्ही किंमती एकाच वाक्यात मांडण्याची. चित्र कोणत्या अंतरावरून, कोणत्या साधनाने, उघडपणे की लपून घेतले, आणि त्यातील नजर कोणाला उद्देशून होती, हे सांगणे रचनेच्या व प्रकाशाच्या विवेचनाइतकेच तिचे काम आहे. 'क्षण टिपला' एवढे म्हणून थांबणारी समीक्षा कर्मस्थानावरचा माणूस गाळते, आणि रस्त्यावरचा संशय आपल्याला का समजत नाही याचे उत्तरही त्याबरोबरच गाळून टाकते.