तोतया आणि अभिज्ञान

तेलीबांध्याच्या तळ्याजवळ राहणाऱ्या माझ्या परिचयातील एका मराठी कुटुंबातील वृद्ध आई शेजारणीला हलक्या आवाजात सांगत असत : "हा दिसतो अगदी माझ्या मुलासारखा, पण तो हा नव्हे." मुलाने कपाळावरचा बालपणीचा व्रण दाखवला, तर "तोही याने हुबेहूब करून घेतला आहे," हे उत्तर तयार असे. मात्र तोच मुलगा दुसऱ्या खोलीतून टेलिफोनवर बोलू लागला, की त्या गहिवरून विचारीत, "अरे, तू कधी येणार? इथे एक तोतया येऊन बसला आहे!"

स्मृतिभ्रंशाच्या व्याधीत आढळणाऱ्या या विपर्ययाचे वर्णन कापग्रा आणि रबूल-लाशो या फ्रेंच वैद्यांनी १९२३ मध्ये एका स्त्रीरुग्णाच्या निमित्ताने केले, आणि त्यासाठी त्यांनी जो शब्द योजला तो नाट्यवाङ्मयातून आलेला होता. प्लाउटसच्या, आणि पुढे मोलिएरच्या, नाटकात देव नोकराचे रूप घेऊन त्याच्याच दारात उभा राहतो. त्या नोकराच्या नावावरून फ्रेंचमध्ये 'प्रतिरूप' या अर्थाचा शब्द रूढ झाला होता. १९२७ मध्ये याच्या उलट भ्रमाला, म्हणजे परका माणूस हा वेषांतर केलेला परिचितच आहे या समजुतीला, फ्रेगोली या क्षणात वेष पालटणाऱ्या इटालियन नटाचे नाव मिळाले. वैद्यकाला नावासाठी दोनदा रंगभूमीचे दार ठोठवावे लागले, ही गोष्ट समीक्षकाने नजरेआड करू नये.

या भ्रमात डोळे फसत नाहीत. चेहरा ओळखणे आणि त्या चेहऱ्याबरोबर आपलेपणाची ऊब जागी होणे, या मेंदूच्या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिली शाबूत राहून दुसरी निमाली, तर समोरचा माणूस 'तसाच' दिसतो, पण 'तोच' वाटत नाही, असे आजचे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. आवाजाची वाट निराळी असल्याने ती कधीकधी खुली राहते. प्रत्यभिज्ञेसाठी आपले शास्त्रकार 'तो हा देवदत्त' असे उदाहरण देत आले. येथे 'तो' आहे, 'हा'ही आहे. दोहोंना सांधणारा धागा मात्र तुटला आहे.

मराठी मनाला तोतया अपरिचित नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवणाऱ्या इसमाला १७७६ मध्ये पुण्यात देहदंड झाला. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाचा तोच विषय. तेथे अनेकांना खोटा माणूस खरा वाटावा अशी ओढ होती. आमच्या वृद्धेला खराच माणूस खोटा वाटतो. नलाचे रूप घेतलेल्या देवांतून दमयंतीने घाम, छाया, कोमेजलेली माळ या खुणांवरून आपला मर्त्य नल शोधला. शकुंतलेची हरवलेली अंगठी सापडली. लियरनेही जागा होताना कॉर्डेलियाला प्रथम प्रेतात्मा मानले आणि मग कन्या म्हणून ओळखले. सारे नाट्य ओळख पटण्याकडे धावते. व्याधीचा प्रवाह याच्या उलट आहे, आणि तिच्यापुढे कोणतीही अंगठी पुरावा ठरत नाही. किंबहुना पुरावा जितका बिनचूक, तितका तोतया अधिक कसबी ठरतो.

या दृष्टीने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटाचा विचार करावासा वाटतो. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे विद्वान चक्रपाणि शास्त्री हत्तीच्या मागे जातात, हरवतात, आणि माहुताच्या बायकोला 'आई' म्हणतात. अमृता सुभाष यांची चन्नम्मा ती हाक दुरुस्त करीत नाही. ती आई होते. अभिज्ञानाच्या ठिकाणी येथे स्वीकार आला आहे, आणि शीर्षकाचा 'असो, तसे होवो' हा अर्थ या स्वीकारातून सिद्ध होतो. भारतीय कथाकल्पनेत ही मोलाची भर आहे.

तथापि एक आक्षेप नोंदवणे प्राप्त आहे. चन्नम्माचे शास्त्रींशी पूर्वीचे नाते नाही. म्हणून 'आई' ही हाक तिच्यापासून काही हिरावून घेत नाही, उलट देऊन जाते. मुलीचे तसे नसते. परक्याला आपले मानणारा भ्रम कलेला सहज करुणरम्य करता येतो. आपल्याला परके ठरवणारा भ्रम कोणत्याही रसात सुखाने बसत नाही. 'अस्तु'ने मुलीची अपराधी घालमेल दाखवली. परंतु त्याचे मर्म पहिल्या भ्रमात आहे. प्रतिदिन तोतया ठरूनही औषध हाती धरून उभ्या राहणाऱ्या माणसाची कथा मराठीत कोणी पूर्ण ताकदीने लिहावी, अशी अपेक्षा आहे. ती लिहिणाऱ्याला शेवटच्या अंगठीचा मोह मात्र सोडावा लागेल.

तेलीबांध्याच्या त्या मुलाने व्रण दाखवणे पुढे बंद केले. तो खोलीत शिरण्यापूर्वी दाराबाहेरूनच "आई, मी आलो" अशी हाक देऊ लागला. कधी ती हाक चेहऱ्याच्या आधी पोचे, कधी नाही. नाही पोचली, तर तो तोतया म्हणूनच शेजारी बसे आणि चहा थंड करून देई. त्या चहा घेत असत.