पिशवी आणि खाडा

२०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांची बातमी जगभर गेली, तेव्हा मथळा जवळपास एकच होता: गर्भाशय नसलेल्या बायकांची गावं. आमच्या केज तालुक्यात कुणी ‘गर्भाशय’ म्हणत नाही, ‘पिशवी’ म्हणतात. माझा आक्षेप मात्र शब्दावर नाही, मथळ्याने काय झाकलं यावर आहे.

महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहांत एक. हे मोठंच काम झालं. पुढे मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने हा धागा कोका-कोला, पेप्सीच्या साखरेपर्यंत नेला.

पण प्रश्न तिथवर गेला की उत्तरही तिथूनच येतं: प्रमाणपत्र, तपासणी, खुलासा. तपासणीस फडात एखादा दिवस येतो, मुकादम अख्खा हंगाम असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. एक दिवस चुकला की खाडा, आणि त्याचे पैसे अंगावर. फडात ना संडास, ना पुरेसं पाणी. पाळी, अंगावरून जाणं, दुखणं या सगळ्याचा हिशेब खाड्यात होतो. त्यात खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. मग पिशवी काढणं तिला शहाणपणाचंच वाटतं.

बीडच्या हद्दीला लागूनच जामखेड आहे. तिथे १९७० मध्ये काम सुरू केलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका केलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात त्या प्रयोगाची दखल घेतली गेली. अल्मा-आटाची घोषणा त्यानंतर तीन वर्षांनी झाली. तेव्हा आपल्या भागातून जगाकडे कामाची एक रीत गेली. आता जखम जाते आहे.

जामखेडची रीत जशीच्या तशी केजला लागू होईल, असंही मी म्हणणार नाही. गावातली सेविका टोळीमागे कारखान्यावर जात नाही. म्हणून बाहेरच्या संस्थांनी साखर कंपन्यांना एकच नेमका प्रश्न विचारत राहावं: पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसाचा खाडा धरणार नाही, असं तुमचे कारखाने मुकादमाच्या करारात लिहून देतात का? त्याचं उत्तर फडातल्या बाईलाही पडताळून पाहता येईल.