खेळातील किल्ले

कादंबरी, नाटक आणि चित्रपट ह्यांची परीक्षणे आपली मासिके नियमाने छापतात. खेळाचे परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. खेळ ही मुलांची बाब, आणि मुलांच्या बाबतीत वडील माणसांनी एक तर परवानगी द्यावयाची किंवा नाकारावयाची, एवढाच आपला समज. संगणकावरील खेळांविषयी तर घरोघरी जो वाद चालतो तो सर्वस्वी तासांचा असतो: मुलगा किती वेळ खेळला, डोळ्यांस किती अपाय झाला, अभ्यास किती बुडाला. तो काय खेळला, त्या खेळात जग कसे दाखविले होते, आणि दाखविणाऱ्याने प्रामाणिकपणे दाखविले की नाही, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. पुस्तकाविषयी असाच वाद घालून ते किती पानांचे आहे एवढेच आपण विचारले असते, तर वाङ्मयविचार म्हणून काही शिल्लक राहिले नसते.

प्रस्तुत लेखकास दोन छंद आहेत. एक, बोटाएवढ्या सैनिकांच्या प्रतिमा रंगविणे. दुसरा, संगणकावर युद्धाचे व राज्यकारभाराचे खेळ खेळणे. दोन्ही छंद विलायती समजले जातात, आणि कोल्हापुरात राहणाऱ्या प्रौढ माणसास ते शोभत नाहीत असेही ऐकावे लागते. वस्तुतः ह्या दोहोंचे मूळ आमच्या अंगणातच आहे. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरे काय?

दिवाळीच्या सुटीत कोल्हापूरच्या कोणत्याही पेठेतून हिंडावे. दगड, विटा आणि मोडकी खोकी ह्यांचा ढिगारा, त्यावर भिजविलेले गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, आणि उतारावर पेरलेले हळीव किंवा मोहरी. चार-पाच दिवसांत कोंब वर येतात आणि ढिगाऱ्याचा डोंगर होतो. मग पायऱ्या, बुरूज, तळे, गुहा, पायथ्याचे गाव. आमच्या शहरापासून पन्हाळा अवघा वीस-बावीस किलोमीटरांवर असल्यामुळे येथील मुलांनी खरा किल्ला पाहिलेला असतो; त्यामुळे तीन दरवाजा कोठे, अंबारखाना कोठे, ह्यावर भांडणे होतात, आणि ती मोठी उद्बोधक असतात. किल्ला करणाऱ्या मुलास एक गोष्ट पुस्तकावाचून कळते: माती उतारावर राहत नाही. चढ फार उभा केला की लेप घसरतो, तळ्यास अस्तर नसले की पाणी मुरते, आणि पाणी वर साठविल्यावाचून किल्ला जगत नाही. दुर्गशास्त्राचा पहिला धडा हाच आहे. तो गोणपाटावर शिकलेला मनुष्य पन्हाळ्यावरील अंधारबाव पाहताना नुसता फोटो काढीत नाही. ही विहीर तटाच्या आत, अशी झाकून का बांधली, हे त्याला उमजते.

ह्या किल्ल्यावर जी 'चित्रे' मांडतात, ती कुंभारांची. सिंहासनावर बसलेले महाराज, ढाल-तलवार घेतलेला मावळा, तोफ, हत्ती, डोक्यावर घागर घेतलेली बाई. साच्यातून काढलेल्या शंभर मावळ्यांस कुंभार आधी एकाच बैठकीत अंगाचा रंग देतो, मग सर्वांच्या पगड्या, मग सर्वांचे कमरबंद, आणि अखेरीस बारीक कुंचल्याच्या एका टोकाने मिशी व दोन टिंबांनी डोळे. इंग्लंडातील छांदिष्ट हीच पद्धत वापरतात आणि तिला स्वतंत्र नाव देऊन तिच्यावर लांबलचक व्याख्याने करतात, हे कळल्यावर मला गंमत वाटली.

त्या देशात हा छंद बराच जुना आहे. एच. जी. वेल्स ह्या विख्यात कादंबरीकाराने १९१३ साली 'लिट्ल वॉर्स' नावाचे छोटे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिशाच्या शिपायांच्या लढायांचे नियम बसविले. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा उडवावयाचा, आणि जो शिपाई पडेल तो मेला. लढाईची खुमखुमी असणाऱ्यांनी ती जमिनीवर बसून अशी भागवून घ्यावी, खरे युद्ध हे ह्याहून फार महाग व फार मूर्खपणाचे आहे, असा त्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. पुढे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या 'गेम्स वर्कशॉप' ह्या ब्रिटिश कंपनीने 'वॉरहॅमर' हा काल्पनिक राक्षसांचा व योद्ध्यांचा खेळ काढून ह्या छंदाचा जगभर व्यापार केला. अठ्ठावीस मिलिमीटरांच्या आसपास उंचीची प्लॅस्टिकची माणसे सुट्ट्या भागांत मिळतात. ती चिकटवावयाची, अस्तर द्यावयाचे, सपाट रंग भरावयाचा, मग पाण्यासारखा पातळ गडद रंग सर्वांगावर सोडावयाचा. तो चुण्यांत व खाचांत जाऊन बसतो आणि सावली आपोआप पडते. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंच कडांवर फिका रंग घासला की उजेड पडतो. सूर्यप्रकाश एवढ्या लहान आकृतीवर पुरेशी छाया पाडीत नाही, म्हणून ती रंगाने पाडावी लागते. सारी विद्या ह्या एका अडचणीतून निघाली आहे.

ही विद्या मी कुंभाराच्या मावळ्यावर करून पाहिली. कच्च्या शाडूने पातळ रंग टीपकागदासारखा शोषून घेतला आणि सावलीऐवजी डाग पडले. आधी रोगणाचा हात दिल्यावर काम जमले. जमले म्हणजे काय, तर चुण्या दिसू लागल्या, गालफडे वर आली, मावळा विलायती दिसू लागला. तो किल्ल्यावर नेऊन ठेवला तेव्हा मात्र दहा पावलांवरून काहीच दिसेना. शेजारचा कुंभाराचा मावळा, ठसठशीत लाल पगडीचा आणि टिंबाच्या डोळ्यांचा, स्पष्ट ओळखू येत होता. कुंभार अडाणी नव्हे. त्याला आपला प्रेक्षक कोठे उभा राहणार हे ठाऊक आहे. प्रमाणाचेही तसेच. महाराज दरवाजापेक्षा उंच, मावळा तोफेएवढा, ह्याला आपण बालिश म्हणतो. पण आपल्या जुन्या लघुचित्रांतही राजा सेवकांहून मोठाच काढीत. तेथे उंची मिलिमीटरांत न मोजता मानाने मोजली जाते. विलायती छंदात सर्व माणसे एका मापाची असतात, ह्यातही एक मत आहेच. ते कोणी बोलून दाखवीत नाही इतकेच.

आता पडद्यावरील राज्याकडे वळतो. 'एम्पायर: टोटल वॉर' हा 'क्रिएटिव्ह असेंब्ली' ह्या इंग्लंडातील मंडळीचा खेळ २००९ साली निघाला. आज तो जुना झाला असला तरी मराठी वाचकाने त्याची दखल घ्यावी, कारण त्यात ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया ह्यांच्या पंक्तीस 'मराठा संघराज्य' हेही खेळावयास घेता येते. खेळाचा आरंभ १७०० साली. खेळणाऱ्याने खजिना सांभाळावा, रस्ते व कारखाने बांधावे, तह करावे, सैन्य उभारावे. आणि लढाई जुंपली की नकाशा सोडून प्रत्यक्ष रणांगणावर उतरावे. तेथे शेकडो सैनिक, घोडे व हत्ती आपल्या हुकमाने हलतात. आपल्या लोकांचे नाव महासत्तांच्या यादीत पाहून मराठी तरुणाची छाती फुगते. मीही तोच खेळ पुनःपुन्हा खेळलो, ते काही केवळ टीकेसाठी नव्हे.

परंतु १७०० हे वर्ष काय होते? त्या वर्षीच्या मार्चात राजाराम महाराज सिंहगडावर वारले. औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा घालून बसला होता, आणि एप्रिलात तो किल्ला पडला. राज्याचा वारस लहान मूल, आणि कारभार हाती घेतला तो पंचविशीतील विधवा राणी ताराबाईंनी, ज्यांच्यापासून पुढे कोल्हापूरची गादी निर्माण झाली. 'संघराज्य' म्हणण्यासारखे तेव्हा काहीच नव्हते; सरदारांची जी मोठी घराणी त्या शब्दाने डोळ्यांपुढे येतात, ती शाहू महाराज १७०७ मध्ये सुटून आल्यानंतरच्या काळातली. म्हणजे खेळाने अठराव्या शतकाच्या मध्यावरचे नाव उचलून त्याच्या आरंभास चिकटविले. हा दोष एकवेळ क्षम्य मानू, खेळास काहीतरी नाव हवेच. पण जो झगडा त्या वर्षी चालला होता, तो ह्या खेळाच्या यंत्रात बसतच नाही, ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

ह्या खेळात वर्षाच्या दोन पाळ्या आहेत: एक उन्हाळा, एक हिवाळा. पावसाळा नाही. प्रशियात किंवा फ्रान्समध्ये ह्याने काही बिघडत नाही; सह्याद्रीत मात्र सारा इतिहासच बिघडतो. १७०२ मध्ये मोगलांनी विशाळगड घेतला तो कसा? अनेक महिने वेढा चालला, आणि पावसाळा तोंडावर आला असता किल्ल्यातील मराठ्यांनी मोठी रक्कम मोजून घेऊन गड खाली केला. म्हणजे शत्रूने पैसाही दिला, वेळही गमावला, आणि वर पाऊस अंगावर घेतला. परतीच्या वाटेवर, आजच्या मोटारीने दोन-तीन तासांचा जो रस्ता आहे त्यावर, पातशाही फौज महिन्याहून अधिक काळ ओढे व नद्या ओलांडीत अडकली, आणि जनावरे व माणसे ह्यांची भयंकर हानी झाली. काही वर्षांतच किल्ले पुन्हा मराठ्यांकडे येऊ लागले. ह्या व्यवहारात किल्ला हरणे ही एक चाल होती. संगणकाच्या हिशेबात किल्ला हरणे म्हणजे निव्वळ हरणे. प्रांत गेला, उत्पन्न गेले, नकाशावरील रंग बदलला. ताराबाईंप्रमाणे खेळणारा मनुष्य तेथे दहा पाळ्यांत बुडेल, आणि औरंगजेबाप्रमाणे खेळणारा जिंकेल. खऱ्या इतिहासात जिंकत जिंकत बुडाला तो औरंगजेब.

खेळाचा गुणही सांगितला पाहिजे. पैसा संपला की सैन्य टिकत नाही, दूरचे राज्य राखण्यास घरचे राज्य पिळावे लागते, व्यापाराची वाट तुटली की दरबाराचा रुबाब उतरतो, हे ह्या खेळाइतके चटकन दुसरे काही शिकवीत नाही. आपल्या शाळेतील इतिहास लढायांची नावे पाठ करवितो. फौजेच्या पगाराचा प्रश्न त्यात क्वचितच येतो. त्या मानाने हा खेळ अधिक प्रौढ आहे. पण त्याची प्रौढता युरोपच्या सपाट भूमीवर वाढलेली आहे, आणि तिला आपण विश्वाचा नियम समजून बसतो. हाताखालचे कोष्टक कोणी मांडले हे खेळणाऱ्यास दिसत नाही. पुस्तकातील विधान खटकले तर समासात प्रश्नचिन्ह काढता येते. येथे तेच विधान नियमाच्या रूपाने येते, आणि ते मानल्याखेरीज पुढची पाळीच येत नाही.

मग आपले लोक आपले खेळ का करीत नाहीत, असा प्रश्न येतो. करीत नाहीत असे नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या लहानशा मंडळीने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीने पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी काम सोडले नाही. राजी ही सर्कशीतील कसरत करणारी मुलगी. असुरांनी तिच्या गोलू नावाच्या भावास पळविले, आणि ती त्रिशूळ, धनुष्य घेऊन त्याच्या शोधास निघते. दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत तिची कथा सांगतात. महालांचे सज्जे, जाळ्या, कुंडे ही राजस्थानी धर्तीची, रंगांची ठेवण पहाडी चित्रांच्या वळणाची, आणि मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपाने. भिंतीवरील चित्रापाशी थांबले की त्यातील पुराणकथा ऐकू येते. शत्रूस मारीत सुटण्याच्या खेळात चित्र पाहण्यास थांबावयास लावणे हे धाडस आहे, आणि ते साधले आहे.

बाबूराव पेंटर ह्यांची येथे आठवण होणे साहजिक आहे. नाटकांचे पडदे रंगविणारा हा कोल्हापूरचा कलावंत चित्रपटाकडे वळला, कॅमेरा स्वतः तयार केला, आणि पुढे सपाट रंगविलेल्या पडद्यांऐवजी प्रत्यक्ष उभारलेले नेपथ्य वापरू लागला. नव्या यंत्रास जुन्या हाताचे कसब कसे द्यावे ह्याचा तो धडा होता. 'राजी'चे चित्रकार त्याच परंपरेतले. मात्र चित्रांस मिळालेली ममता कथेस मिळाली नाही. लढण्याची तीच ती आवर्तने पुढे कंटाळा आणतात, आणि शेवट एखाद्या दाराशी अचानक दिवा मालवावा तसा होतो. शिवाय पुण्यात झालेला हा खेळ प्रथम बोलला तो इंग्रजीत. बाजार जगाचा आहे हे मान्य. तरी दुर्गेचे बोलणे ऐकताना कानास चुकल्याचुकल्यासारखे होते.

एकीकडे पडद्यावर असे चालले असता अंगणातील किल्लाही बदलतो आहे. प्लास्टरचा तयार किल्ला बाजारात मिळतो. आणला, मांडला, चित्रे ठेवली. त्यात पाणी मुरत नाही आणि लेपही घसरत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यांत पन्हाळा आला, तेव्हा शहरात आनंद झाला, आणि तो रास्तच होता. पण तयार किल्ला विकत घेणाऱ्या घरातील मूल पन्हाळ्यावर गेले तर तेथे काय पाहील, असा प्रश्न मला पडतो. दगड पाहील, फलक वाचील. येथील पाणी कोठून येते हे त्याला विचारावेसे वाटेल का?

कोणी मराठी मंडळी पुढे असा खेळ करणारच असतील, तर त्यांनी साम्राज्याचा नाद सोडून एकच मोहीम घ्यावी: १७०२ चा विशाळगड. खेळणाऱ्यास बाजू द्यावी ती औरंगजेबाची. हाती अफाट फौज, अफाट खजिना, आणि तारीख जूनची. किल्लेदार पैसे घेऊन गड देईल, तो ध्वज तेथे लागेल, कर्णे वाजतील. आणि मग पडद्यावर आभाळ काळे होऊ लागावे, आणि खेळणाऱ्यास सांगावे की आता ही सारी फौज, तोफा आणि हत्ती घेऊन परत पन्हाळ्यास जावयाचे आहे.