सरळ रस्त्याचा दोष किती?

'फायनल फँटसी' ही जपानी गेममालिका १९८७ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यातल्या चार योद्ध्यांना स्वतःची नावेही नव्हती. नावे खेळाडूने द्यायची, कोण लढवय्या आणि कोण जादूगार हेही त्यानेच ठरवायचे. १९९१च्या चौथ्या भागात सोबत कोण येणार आणि कोण साथ सोडणार, हे पूर्णपणे कथानकच ठरवू लागले. तेव्हापासून मालिकेत कथेची पकड आणि खेळाडूची मोकळीक यांची ओढाताण चालू आहे. २००९च्या तेराव्या भागाने ती टोकाला नेली. त्याच्या सरळ, बिनफाट्याच्या वाटेमुळे त्याला 'नुसता बोळ' म्हणून हिणवणारे एका बाजूला आणि त्याच्या कथेची बाजू घेणारे दुसऱ्या बाजूला, असे तट पडले ते अजून मोडलेले नाहीत. पण रस्ता सरळ की फाटे फुटलेला, एवढ्याने कथेची प्रत कळत नाही. त्या रस्त्याचे बंधन पात्रांना जाणवते का, आणि भोवतालचे जग त्यांना काही उत्तर देते का, हे पाहावे लागते.

२००१चा दहावा भाग हा याचा सर्वांत भक्कम पुरावा. मालिकेतली पात्रे इथे पहिल्यांदा आवाजात बोलू लागली, आणि जगाच्या नकाशावर मनसोक्त भटकण्याची जुनी सोयही इथेच गेली. बेसेड बेटापासून झानारकँडच्या भग्नावशेषांपर्यंतची वाट जवळजवळ सरळ आहे. तरी तिचा जाच होत नाही, कारण ती यात्रेची वाट आहे. 'सिन' या महाराक्षसाचा नाश करण्यासाठी निघालेल्या युनाने मंदिरामागून मंदिर गाठायचे, हा तिच्या धर्माचाच दंडक. वाटेवर गावे लागतात, तिच्याकडे आशेने पाहणारी माणसे भेटतात. यात्रेच्या शेवटी युनाचे मरण ठरलेले आहे, हे तिच्या सोबत्यांना आधीपासून ठाऊक असते. परका नायक टिडस आणि त्याच्याबरोबर खेळाडू, यांना ते फार उशिरा कळते. मग मागे टाकलेला सगळा रस्ता वेगळाच दिसू लागतो, कारण तिला पावलापावलाने मरणाकडे नेणाऱ्यांत आपणही असतो. झानारकँडला युना ती परंपरा नाकारते, आणि त्यानंतरच हवाईजहाज खेळाडूच्या हाती येऊन जग मोकळे होते. वाट कधी सुटावी, हे इथे पात्राच्या निर्णयाशी बांधलेले आहे.

तेराव्या भागाचे समर्थक नेमका हाच न्याय मागतात. त्यातली सहा पात्रे शापित आणि फरारी, नियती देवतुल्य शक्तींनी नेमून दिलेली. त्यांना मागे फिरायला जागा नाही, तेव्हा बोळ हेच त्या कथेचे खरे रूप, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. या सहांतल्या साझच्या लहान मुलावर जे ओढवले त्यात आपला हात आहे, हे त्यांतलीच व्हॅनिल लपवते आणि त्याच्याच सोबतीने पळत राहते. खेळाडूला जोडी बदलता आली असती, तर हा ताण टिकला नसता. पण फरारी माणसाची कथा रंगायची, तर त्याला हाकलणारा समाज जवळून दिसायला हवा. इथे दुकानेसुद्धा सेव्ह पॉइंटच्या पडद्यावर उघडतात आणि इतिहास-राजकारणाचा मोठा वाटा 'डेटालॉग'मधल्या टिपणांत पडून राहतो. अकराव्या प्रकरणात ग्रान पल्सचे विस्तीर्ण माळरान येते, तिथे हवे तिकडे जाता येते, पण तिथली वस्तीच संपलेली आहे. कामगिऱ्या मिळतात त्या शिळांकडून. बोळ संपला तरी मुकेपणा कायम राहतो, म्हणजे दुखणे बोळाचे नव्हतेच.

मोकळीकही फुकट मिळत नाही. १९९४च्या सहाव्या भागात खलनायक केफ्का मध्यावरच जग उद्ध्वस्त करतो आणि त्याच्याशी लढणाऱ्या चमूतली सेलिस एका जवळपास निर्जन बेटावर जागी होते. पुढे तिचे जुने सोबती एडगर आणि सेट्झर तेवढे भेटावेच लागतात. बाकीच्यांना शोधायचे की नाही, हे खेळाडूवर सोडलेले आहे. विखुरलेली माणसे गोळा करणे हाच कथेचा विषय असल्याने ही मोकळीक तिथे शोभते. पण कोण हजर असेल हे लेखकाला माहीत नसल्यामुळे एकत्र आल्यावर ती एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. २०१६च्या पंधराव्या भागात मोटारीतली भटकंती, इग्निसचा स्वयंपाक आणि प्रॉम्प्टोची छायाचित्रे यांतून चार मित्रांचे नाते सुरेख फुलते. मात्र नायकाच्या राजधानीचा पाडाव समजून घ्यायला वेगळा चित्रपट पाहावा लागतो.

यावर मोठा आक्षेप असा, की निवडच नसेल तर गेम कशाला, चित्रपट का नको? त्याचे उत्तर १९९७च्या सातव्या भागात आहे. चमूतल्या एरिथचा मृत्यू टाळण्याची कोणतीही निवड खेळाडूला नाही. पण त्याने तिला तासन्‌तास लढाईत सोबत घेतलेले असते, शस्त्रे दिलेली असतात, तिच्या उपचारशक्तीवर विसंबून डाव आखलेले असतात. तिच्या जाण्याने चमूत पडणारी जागा त्याला पुढच्या लढाईत स्वतः भरून काढावी लागते. प्रेक्षक शोक करतो. खेळाडूला शोकाबरोबर ती उणीव हाताळावीही लागते. कथेत सहभागी व्हायला दर वेळी फाटा लागतोच असे नाही.

मालिकेच्या अलीकडच्या भागांना हाच निकष लावायला हवा. २०२३च्या सोळाव्या भागात लढाईची सूत्रे जवळपास पूर्णपणे एकट्या नायक क्लाइव्हकडे आहेत. साथीदार शेजारी लढतात, पण त्यांची उणीव हाताला जाणवण्याची शक्यताच त्यामुळे कमी होते. सातव्या भागाच्या पुनर्निर्मितीतला २०२४चा दुसरा खंड भलेमोठे प्रदेश उघडतो, पण ते कामांच्या याद्यांनी भरतो, आणि खलनायक सेफिरॉथच्या पाठलागाची निकड त्यांत पातळ होते. एकावर सरळपणाचा आणि दुसऱ्यावर पसाऱ्याचा ठपका ठेवून समीक्षा संपत नाही. वाटेने पात्राकडून काय हिरावले आणि त्याला काय नाकारू दिले, हे विचारले की दहावा भाग अरुंद असूनही भरलेला का वाटतो आणि ग्रान पल्स अफाट असूनही रिकामे का वाटते, याचा उलगडा एकाच उत्तरात होतो.