अक्षराखालचे टिंब : योरुबा भाषेतील स्वरसंवाद

नायजेरियाचा नैर्ऋत्य भाग आणि लगतच्या बेनिनमध्ये बोलल्या जाणाऱ्या योरुबा भाषेचा परिचय करून देताना तिच्या उच्च, मध्य आणि नीच या तीन सुरांचा उल्लेख आवर्जून केला जातो. स्वरांच्या परस्परसंबंधाकडे मात्र अभ्यासकांबाहेर फारसे कोणी वळत नाही. वास्तविक शब्द कसा घडला हे सांगण्याच्या कामी सुरांपेक्षा स्वर अधिक बोलके आहेत.

अनुनासिक स्वर वगळता या भाषेत सात स्वर आहेत. त्यांत 'ए' आणि 'ओ' यांची प्रत्येकी दोन रूपे असून एक संवृत, दुसरे विवृत. मराठी वाचकाला 'ओ' आणि 'ऑ' यांतील अंतर इंग्रजी शब्दांमुळे परिचयाचे आहे. योरुबात ते अर्थनिर्णायक ठरते. 'ओवो' म्हणजे पैसा, 'ऑवॉ' म्हणजे हात. 'इले' म्हणजे घर, 'इलॅ' म्हणजे जमीन. या उदाहरणांतच नियमही दडलेला आहे. साध्या, असमस्त शब्दात संवृत 'ए-ओ' आणि विवृत 'ॲ-ऑ' एकत्र नांदत नाहीत. 'आ'च्या आधी यायचे तर विवृत स्वरच येतो. म्हणून मासा 'ॲजा' आणि राजा 'ऑबा'. 'इ' आणि 'उ' तटस्थ असून दोन्ही कुळांत वावरतात. ध्वनिशास्त्रज्ञ या भेदाचे मूळ जिभेच्या मुळाच्या पुढे-मागे सरकण्यात पाहतात.

स्वामित्वदर्शक 'ओनि' हा उपसर्ग पाहावा. तो पुढील नामाच्या आद्य स्वराचा रंग घेतो, आणि त्यातील 'न'चा 'ल' होतो. तेल विकणारी 'एलेपो', मासे विकणारी 'ॲलॅजा', मिरची विकणारी 'आलाता'. सागराची देवता 'ओलोकुं', तर आकाशाचा स्वामी 'ऑलॉरुं'. काटेकोरपणे पाहता हे समीभवन आहे, स्वरसंवाद नव्हे; परंतु नामावलीसारख्या स्तुतिपर मौखिक रचनांत अशी रूपे एकामागून एक येतात तेव्हा श्रोत्याला जाणवते ती स्वरांची एकच लाट. केवळ 'इ'पुढे उपसर्ग जसाच्या तसा राहतो : घरमालक 'ओनिले'.

नियम मोडतो तेथे तो सर्वाधिक उपयोगी पडतो. 1986 साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या नाटककाराच्या नावात 'ऑ' आणि 'ए' शेजारी आले आहेत. साध्या शब्दात असे होणार नाही. म्हणजे येथे सांधा आहे. 'वॉ', प्रवेश करणे, आणि 'इले', घर, एकत्र येताना 'इ' गळून पडला. घरात प्रवेश केला, असा त्या नावाचा अर्थ. स्वरांचा विसंवाद येथे शिवणीचा टाका दाखवतो.

हा टाका लिपीत टिकतो तो रोमन अक्षराखालच्या एका टिंबामुळे. एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल अजायी क्राउदर आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांतून योरुबाची रोमन लेखनपद्धती आकाराला आली. तिच्यात विवृत स्वराची खूण टिंबाने केली जाते. इंग्रजी छपाईत ते सहसा वगळले जाते आणि कोणाला काही उणे भासत नाही. डी. ओ. फागुन्वा यांच्या 1938 सालच्या कादंबरीच्या शीर्षकातील 'ऑडॅ' म्हणजे शिकारी. टिंबे काढली की तोच शब्द 'ओडे', म्हणजे बाहेर, असाही वाचता येतो. सोयिंका यांनी 1968 मध्ये या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्या भाषांतराची वाखाणणी करणाऱ्यांनी मूळ शीर्षक बिनटिंबाचे छापावे, हा निष्काळजीपणाच होय.

मराठीत 'वोले सोयिंका' हे रूप रूढ आहे. ते इंग्रजी अक्षरांवरून आले आहे. त्यात दोन्ही स्वर संवृत असल्याने सांधा अदृश्य होतो आणि नाव एकसंध भासते. इंग्रजी लिपीकडे तो दाखवण्याचे सोपे साधन नाही; मराठीकडे 'ऑ' आहे. 'वॉले' असे लिहिण्यास आडकाठी कसलीच नाही. आडनावातील आद्य व्यंजनही मुळात 'श' आहे, परंतु लेखकाने स्वतः इंग्रजीत लिहिताना ते टिंब सोडून दिले असल्याने तेथे रूढ रूप चालवून घ्यावे. विवृत 'ए'साठी 'ॲ' योजणे ही तडजोडच ठरते, कारण मराठी 'ॲ'चा उच्चार योरुबा स्वराहून अधिक पसरट आहे.