इमारतींचे उत्सर्जन-मानदंड : गिरडच्या घरावरून एक चिकित्सा

हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा मानदंड ठरविताना पहिला प्रश्न छेदाचा असतो. उत्सर्जन कशाने भागावयाचे : बांधीव क्षेत्रफळाने, की तेथे राहणाऱ्या माणसांच्या संख्येने? ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ मध्ये कार्यालयीन इमारतींसाठी आणलेल्या तारांकन योजनेने क्षेत्रफळ स्वीकारले. संमिश्र हवामान विभागातील, मुख्यतः वातानुकूलित कार्यालयाचा वार्षिक वीजवापर प्रतिचौरस मीटर ९० युनिटांहून कमी असल्यास त्यास पाच तारे देण्याचे त्या वेळी ठरले.

शेख फरीदांच्या टेकडीमुळे परिचित असलेल्या गिरडमधील (ता. समुद्रपूर) २५ चौरस मीटरचे एक घरकुल उदाहरणादाखल घेऊ. दरमहा ६० युनिटे वीज गृहीत धरली, तर प्रतिचौरस मीटर वार्षिक वापर २९ युनिटांच्या आत राहतो. ही योजना अशा घरांसाठी नाही, हे मान्य. परंतु तिचीच फूटपट्टी लावल्यास हे घर सहज पंचतारांकित ठरते, आणि येथेच फूटपट्टीविषयी शंका उत्पन्न होते.

कारण या घराचे मोठे उत्सर्जन वीजमीटरवर उमटतच नाही. दहा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबला अडीच घनमीटर काँक्रीट लागते. त्यातील सिमेंट साधारण पावणेनऊशे किलो व लोखंड दोनशे किलो धरले, तर उत्सर्जन सुमारे एक टन होते. जालातील विजेचा गुणक प्रतियुनिट अंदाजे ०.७ किलो असल्याने घराचा वर्षभराचा वीजवापर अर्धा टन भरतो. म्हणजे केवळ स्लॅबमध्ये दोन वर्षांची वीज आधीच खर्च झालेली असते! विटा वेगळ्याच. शिवाय वैशाखात तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि कूलर अपरिहार्य होतो. मातीच्या भिंती व कवेलूंचे छप्पर यांची या हिशेबात कोठेही नोंद नाही.

मातीच्या घराचा भावुक गौरव येथे अभिप्रेत नाही. दरवर्षी कवेलू फेरणे, वाळवी, काळ्या मातीचे फुगणे यांचा भार बहुधा घरातील स्त्रियांवर पडतो. पक्क्या घराची आकांक्षा रास्तच आहे. आक्षेप मोजणीवर आहे.

याच जिल्ह्यात १९३६ साली सेवाग्रामचे आदि निवास उभारताना गांधीजींनी खर्चास मर्यादा घातली होती. घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघातील असावे, ही त्यांची अपेक्षा वास्तुविशारद लॉरी बेकर पुढे आवर्जून सांगत. कार्बनचा शब्दही न उच्चारता साहित्य व वाहतूक मोजणारा हा मानदंड होता. याउलट २०१८ च्या इको-निवास संहितेचा पहिला भाग ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांपुरता होता.

वापरातील व साहित्यातील उत्सर्जन स्वतंत्रपणे, आणि दोन्ही दरमाणशी नोंदविणे अशक्य नाही. घरकुलाच्या अंदाजपत्रकात सिमेंट व लोखंडाचे परिमाण लिहिलेलेच असते. त्यापुढे गुणकाचा एक रकाना वाढवावा लागेल.